मोटारगाडीचा पारदर्शक लेप
मोटारगाडीच्या रंगावर चकाकी व संरक्षणासाठी दिलेल्या, सु. ४०–५० मायक्रॉन जाडीच्या वर्णहीन रोगणाच्या थरास पारदर्शक लेप म्हणतात. उन्हातील जंबुपार किरणांनी त्याचे अपघटन होते. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाणाऱ्या वर्धा जिल्ह्यात टप व बॉनेट यांवरील लेप प्रथम बिघडतो. निस्तेज लेप पॉलिशने उजळतो. पापुद्रे सुटल्यास मात्र तो काढावाच लागतो. खर्च मर्यादित असल्यास बिघडलेला भागच ओल्या पॉलिश पेपरने घासतात व रंग उडाला असल्यास आधी तो देऊन, जोड दिसू नये म्हणून त्या पूर्ण पत्र्यावर नवा लेप फवारतात. एकघटकी लेप स्वस्त पण अल्पायुषी असतो. द्विघटकी टिकाऊ असला, तरी त्याच्या दृढकारकातील आयसोसायनेटे श्वसनास घातक असल्याने तो योग्य श्वसनसंरक्षक साधनाविना घरी फवारू नये.