लुटुपुटूच्या उपचाराने घेतलेली कसोटी

मूत्रपिंडाच्या धमनीत बारीक नळी सरकवायची आणि धमनीभोवतीचे मज्जातंतू रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करायचे. औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबावरचा हा उपाय. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १०६ रुग्णांच्या चाचणीत उपचार झालेल्या गटाचा वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी ३२ अंकांनी उतरला. पण उपचार झालाय की नाही, हे रुग्णांना ठाऊक होतं.

अमेरिकेत ५३५ रुग्णांवर झालेल्या 'सिंप्लिसिटी एचटीएन-३' चाचणीने ही फट बुजवली. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना गुंगी देऊन फक्त धमनीचं चित्रण केलं. मज्जातंतूंना हातही लावला नाही, आणि तसं त्यांना कळू दिलं नाही. २०१४ चे आकडे पाहा : खऱ्या उपचाराने रक्तदाब सुमारे १४ अंकांनी उतरला, लुटुपुटूच्या उपचारानेही जवळपास १२ अंकांनी! हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पुढे चार इलेक्ट्रोडची नळी आली, चाचण्यांची आखणी सुधारली, आणि लुटुपुटूच्या उपचाराशीच तुलना करून माफक पण खरी घट दिसली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता दिली.