कुरळे केस, आहेत तसे

आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांचे केस मुळापासूनच वळत उगवतात. केसाचा छेदही गोल नसून चपटा असतो. वळणांमुळे टाळूचे तेल टोकापर्यंत सहज पोचत नाही, केस कोरडे राहतात. विंचरायचे ते ओले असताना, रुंद दातांच्या फणीने, टोकांपासून मुळांकडे.

या केसांना नावे ठेवण्याची खोड जुनी. लुइझियानात १७८६ साली स्पॅनिश गव्हर्नरने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना डोके फडक्याने झाकायला लावले. त्यांनी फडकीच अशी झोकात बांधली, की हुकमाचा पार फज्जा उडाला!

१९६०च्या दशकात अमेरिकेत ‘अ‍ॅफ्रो’ ही केशरचना अभिमानाने मिरवली गेली. तरीही २०१६मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियातल्या शाळकरी मुलींना केसांच्या नियमांविरुद्ध निदर्शने करावी लागली. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये शाळा-नोकरीत केसांवरून होणारा भेदभाव कायद्याने बंद केला; पुढे इतर अनेक राज्यांनीही.