लाइन सैल सोडा: वॅकी रिगबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

"लाइन ताठ ठेवा, नाहीतर मासा लागल्याचं कळणारच नाही." न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत कुठल्याही तळ्याकाठी उभे राहा, नव्याने रॉड हातात घेतलेल्या माणसाला कोणीतरी हे सांगत असतंच. तिथल्या आपल्या मराठी मंडळींतही हा सल्ला सर्रास दिला जातो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणारा ते गाठीशी बांधतो, वॅकी रिग लावतो, लाइन ताणून धरून तासन्‌तास उभा राहतो आणि 'या तळ्यात मासेच नाहीत' असं म्हणत घरी जातो. मासे असतात. बऱ्याचदा त्यांनी आमिष तोंडात घेऊन थुंकूनही टाकलेलं असतं.

हा गैरसमज आधी घ्यायला हवा, कारण त्याने दुहेरी नुकसान होतं. शिकणाऱ्याला मासा मिळत नाही, आणि जो मिळतो तो पुष्कळदा सोडून दिल्यावरही जगत नाही.

गैरसमज: ताठ लाइनशिवाय मासा कळत नाही

आधी मांडणी समजून घेऊ. ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ तयार केलं आणि अमेरिकेतली बास या माशाची मासेमारी बदलली. पुढे १९९० च्या दशकात गॅरी यामामोटो यांचं 'सेन्को' आलं. त्याला शेपूट नाही, पाय नाहीत. साधी गोल कांडी, दोन्ही टोकांना निमुळती, आणि प्लॅस्टिकमध्ये भरपूर मीठ कालवलेलं. आज अनेक कंपन्या या धर्तीची गांडुळं बनवतात. पाच इंची गांडूळ सगळ्यात जास्त वापरलं जातं. वॅकी रिगमध्ये ते टोकाने न लावता बरोबर मधोमध गळाला लावायचं. दोन्ही टोकं दोरीवर टाकलेल्या ओल्या रुमालासारखी लोंबतात. शिसं लावायचं नाही.

ही मांडणी जे काम करते, ते खाली जाताना करते. मिठामुळे गांडूळ शिशाविना बुडतं. मधोमध धरलेलं असल्यामुळे ते आडवं बुडतं आणि पाण्याच्या विरोधाने त्याची दोन्ही टोकं थरथरत राहतात. बासला भुलवते ती ही थरथर. तुम्ही रॉड हलवून ती निर्माण करत नाही, गांडूळ स्वतःच्या वजनाने ती निर्माण करतं. आता लाइन ताठ धरली की काय होतं ते स्वच्छ पाण्यात, पायापासून दोन हातांवर टाकून पाहा. गांडूळ सरळ खाली जात नाही. लाइनला टांगलेलं राहून ते कमानीत तुमच्याकडे झुलत येतं. टोकं मागे पडतात, थरथर जवळजवळ थांबते. ज्या झाडाच्या बुंध्याशी किंवा धक्क्याच्या खांबाशी मासा बसला होता, तिथून आमिष केव्हाच निघून आलेलं असतं. लाइन सैल सोडली तर तेच गांडूळ जिथे पडलं तिथेच, खांबाला लगटून, थरथरत खाली जातं. पाच मिनिटांचा प्रयोग आहे. लोक वर्षानुवर्षं वाद घालतात, पण हा प्रयोग करत नाहीत, याचा मला खरोखर राग येतो.

दुसरी बाब माशाच्या तोंडाची. बास बहुतेक वेळा आमिष चावून ओढत नाही. तो जवळ येतो, जबडा झटकन उघडतो, तोंडातली पोकळी एकदम मोठी होते आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर आमिष आत खेचलं जातं. सगळं निमिषार्धात उरकतं. मासा जागचा फारसा हललेला नसतो, त्यामुळे हाताला हिसका बसतोच असं नाही. लाइन ताणलेली असेल तर हलकं गांडूळ आत जाताना अडखळू शकतं, आणि गेलंच तर माशाला लगेच काहीतरी ओढतंय हे जाणवतं. तो तितक्याच झटक्यात ते बाहेर फेकतो. 'मासे नुसते टोचून जातात, लागत नाहीत' ही तक्रार बहुधा इथून सुरू होते.

मग कळायचं कसं? डोळ्यांनी. वॅकी रिगमधली शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच कोणी शिकवत नाही.

गांडूळ पाण्यात पडलं की रॉडचं टोक खाली, पाण्याजवळ आणा. लाइन पाण्यावर सैल वळशांत पडलेली दिसेल. गांडूळ बुडू लागतं तसे हे वळसे एकेक करून, एकाच संथ गतीने सरळ होत पाण्यात शिरतात. नजर त्या जागी ठेवा जिथे लाइन पाण्यात शिरते, आणि मनात आकडे मोजा. पहिल्याच फेकीत गांडूळ तळाला टेकायला किती आकडे लागतात ते लक्षात ठेवा. समजा बारा लागले. पुढच्या फेकीत सातव्या आकड्याला लाइन शिरायची थांबली, तर गांडूळ तळाला टेकलेलं नाही. ते बहुधा कोणाच्या तरी तोंडात आहे. कधी एखादा वळसा टचकन इंचभर उडतो. कधी लाइन वाऱ्याच्या उलट दिशेला सरकू लागते. कधी ती एकदम भराभर पळते. या चार खुणांपैकी एकही हाताला जाणवेलच असं नाही, पण डोळ्याला चारही दिसतात.

खूण दिसली की थांबू नका. रॉड खालीच ठेवून रिळावर सैल लाइन गुंडाळा, ती सरळ होईल इतकीच, आणि लगेच रॉड बाजूला एका दमात ठामपणे ओढा. वर जोरदार झटका देण्याची गरज नाही. बारीक तारेचा उघडा गळ एवढ्याने नीट बसतो. १/० किंवा २/० मापाचा गळ या गांडुळाला पुरतो.

सैल म्हणजे वाटेल तितकी सैलही नव्हे. गांडूळ मोकळं बुडेल इतकीच लाइन सोडायची. वारा असेल तर तो लाइनची मोठी कमान करून गांडूळ ओढत नेतो. अशा वेळी वाऱ्याला पाठ करून उभे राहा किंवा वजन असलेला वॅकी गळ लावा. लाइन दिसत नसेल तर पिवळी ब्रेडेड लाइन भरा आणि तिच्या टोकाला आठ-दहा पौंडी फ्लुओरोकार्बनचा सहा-आठ फुटांचा तुकडा जोडा. पिवळा रंग तुमच्या डोळ्यांसाठी असतो. माशाच्या जवळ येतो तो पारदर्शक तुकडा.

मग ताठ लाइनचा सल्ला आला कुठून? तो दुसऱ्या पद्धतींतून आला, आणि त्या पद्धतींत तो बरोबर आहे. क्रँकबेट किंवा स्पिनर ही आमिषं सतत ओढत आणायची असतात, तिथे लाइन ताठच असते. मासा लागल्यानंतर त्याला काठावर आणेपर्यंतही लाइन ताठच हवी. सैल पडली तर गळ निसटतो. कोकणात तंगूस बोटावर धरून गरवण्याची सवय असलेल्यांचा हातही हिसक्यासाठी तयार झालेला असतो. तिथे गरीला खरी कोळंबी असते. मासा ती खायलाच घेतो, धरून ठेवतो, ओढतो. प्लॅस्टिक तोंडात गेल्यावर ते अन्न नाही हे बासला लवकर कळतं. खऱ्या आमिषाचा नियम प्लॅस्टिकला लावला की गणित चुकतं.

आता नुकसानाची दुसरी बाजू. मिठाचं मऊ गांडूळ बास कधीकधी थुंकत नाही, गिळतो. हिसक्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला तो कळतो तेव्हा गळ घशाशी पोचलेला असतो. आरन बार्थोलोम्यू आणि जेम्स बॉनसॅक यांनी पकडून सोडलेल्या माशांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध केला. मासा जगेल की मरेल हे ठरवणारा सगळ्यात महत्त्वाचा घटक त्यांना आढळला तो गळ कुठे बसला हा. ओठात बसला तर मासा सहसा जगतो. घशात किंवा कल्ल्यांत रुतला तर धोका कितीतरी वाढतो. म्हणून लाइनवर नजर ठेवणं हे फक्त जास्त मासे मिळवण्याचं तंत्र नाही. मासा सोडून द्यायचा असेल तर ती आपली जबाबदारी आहे.

गैरसमज: गिळलेला गळ कसाही करून काढलाच पाहिजे

पक्कड घालून घशातून गळ उपटणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. बासचाच नातेवाईक असलेल्या ब्लूगिल माशावर कॅनडातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. खोल गळ बसलेल्या माशांपैकी काहींचा गळ उपटून काढला, काहींची फक्त लाइन कापली. दहा दिवसांत पहिल्या गटातले ४४ टक्के मासे मेले, दुसऱ्या गटातले १२.५ टक्के. लाइन कापलेल्यांपैकी बहुतेकांनी त्या मुदतीत गळ स्वतःच बाहेर टाकला होता. तेव्हा गळ सहज दिसत आणि निघत असेल तर काढा. रुतला असेल तर लाइन गळाजवळ कापा आणि मासा पाण्यात सोडा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात

*बास म्हणजे आपला जिताडाच.* अजिबात नाही. जिताडा खाडीत आणि समुद्रात वाढतो. लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला, मूळचा उत्तर अमेरिकेचा, सनफिशच्या कुळातला मासा आहे.

*मीठ चवीसाठी घालतात.* चवीचा काही उपयोग असेलही, पण मिठाचं मुख्य काम वजन वाढवणं हे आहे. त्याच मिठामुळे गांडूळ लवकर फाटतं. म्हणून त्याच्या मधोमध रबरी ओ-रिंग चढवून गळ रिंगखालून घालायचा.

*बासला रंग दिसत नाहीत.* दिसतात. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की बास लाल आणि हिरवा रंग नीट ओळखतो. पिवळट हिरव्या आणि पांढऱ्यात, तसंच गडद निळ्या आणि काळ्यात मात्र त्याचा गोंधळ होतो. त्यामुळे काळं आणि गडद निळं अशी दोन्ही पाकिटं घेण्यात पैसे घालवू नका.

*वॅकी रिग फक्त उथळ पाण्याची.* उथळ पाण्यात ती सोपी जाते, एवढंच. खोल पाण्यात वजनाचा गळ लावा, किंवा गांडुळाच्या एका टोकात खिळ्यासारखं वजन खुपसा. त्या प्रकाराला नेको रिग म्हणतात.

*सोडूनच द्यायचा आहे, मग परवाना कशाला?* अमेरिकेतल्या राज्यांत परवाना लागतो तो मासे धरायला, घरी नेण्याला नव्हे. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईबाबांच्या हातात रॉड देण्याआधी त्या राज्याचा नियम पाहा. न्यू जर्सीत वयाच्या सोळाव्या वर्षापासून परवाना लागतो.

*वसंतात घरट्यावरचा बास धरून सोडला तर काही बिघडत नाही.* अंड्यांची राखण नर करतो. त्याला उचललं की तेवढ्यात ब्लूगिल अंडी फस्त करतात. धरलाच गेला तर फोटोसाठी थांबू नका, तिथेच सोडा.

*पकडलेला मासा परत सोडणं सगळीकडेच चांगलं.* अमेरिकेत, बासच्या मूळ पाण्यात, हो. जपानमध्ये हा मासा बाहेरून आणलेला आहे आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे. मानाबू कुरिता यांनी २००९ मध्ये ज्या बिवा सरोवरात विश्वविक्रमाशी बरोबरी करणारा बास धरला, तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीतही लार्जमाउथ बास आहे. 'आपल्या धरणात सोडला तर मजा येईल' असं हौसेने बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

*गांडूळ विरघळून जातं.* जात नाही, आणि बासच्या तळ्यांसाठी हा गैरसमज वाईट आहे. ही गांडुळं मुख्यतः मऊ केलेल्या पीव्हीसीची असतात. ओंटारिओतल्या चार्ल्सटन सरोवरासंबंधीच्या एका अभ्यासात अशी प्लॅस्टिकची आमिषं दोन वर्षं पाण्यात ठेवली. ती कुजली नाहीत, उलट बहुतेक फुगून मोठी झाली. त्या सरोवरातल्या थोड्याच माशांच्या पोटात अशी आमिषं सापडली, हे खरं. पण फुगलेलं प्लॅस्टिक पोटात अडकलेला एक मासासुद्धा आपल्या आळशीपणाने गेलेला असतो. वॅकी रिगने गांडुळं इतर पद्धतींपेक्षा जास्त फाटतात, म्हणून ही जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा जास्त आहे. सोबत एक रिकामी डबी ठेवा. फाटलेलं प्रत्येक गांडूळ तिच्यात टाका, काठावर दुसऱ्यांनी टाकलेलीही उचला आणि घरच्या कचऱ्यात टाका. मासा जिवंत सोडल्याचं समाधान हवं असेल, तर त्याच्या पाण्यात आपलं प्लॅस्टिक सोडून चालणार नाही.