आवाज न चढवणारा रॅपर

रकीम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विल्यम मायकेल ग्रिफिन (धाकटा) याचा जन्म २८ जानेवारी १९६८ रोजी झाला. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला पसरलेल्या लाँग आयलंडवरच्या वायनडँच या गावात तो लहानाचा मोठा झाला. घरात गाणे होतेच. पन्नासच्या दशकात रिदम अँड ब्लूज गाजवणारी गायिका रूथ ब्राऊन ही त्याच्या जवळच्या नात्यातली. शाळकरी वयात रकीम सॅक्सोफोन वाजवायला शिकला आणि जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन याचे वादन त्याच्या कानात बसले. त्याच्या पुढच्या कामगिरीचे बरेचसे मूळ या वाद्यात आहे.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो 'फाइव्ह पर्सेंट नेशन' या पंथाकडे ओढला गेला. १९६४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 'नेशन ऑफ इस्लाम' या कृष्णवर्णीयांच्या धार्मिक संघटनेतून फुटून निघालेला हा पंथ अक्षरांना आणि अंकांना गूढ अर्थ देतो. ग्रिफिनने रकीम अल्ला हे नाव घेतले ते याच काळात. त्याच्या काव्यात अंक, अक्षरे, ग्रहगोल आणि ज्ञान यांचे उल्लेख सतत येतात, आणि पंथाची ही बैठक ठाऊक नसेल तर ते नुसतेच चमत्कारिक वाटतात.

१९८५-८६च्या सुमारास एरिक बॅरियर ऊर्फ एरिक बी. हा डीजे आपल्या साथीला रॅपर शोधत होता. त्याची रकीमशी गाठ घालून देण्यात आली आणि 'एरिक बी. अँड रकीम' ही जोडी जमली. पहिल्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले ते मार्ली मार्ल या निर्मात्याच्या घरगुती स्टुडिओत. क्वीन्सब्रिज या सरकारी गृहवसाहतीतली ती जागा. त्या दिवसाचा किस्सा प्रसिद्ध आहे. रकीम कोचावर बसल्या बसल्या शांतपणे शब्द म्हणत होता. मार्ली मार्ल आणि तिथे हजर असलेला रॅपर एमसी शॅन यांना ते मिळमिळीत वाटले. जरा जोर लाव, असे त्यांनी सुचवून पाहिले. रकीमने ऐकले नाही. 'एरिक बी. इज प्रेसिडेंट' ही ती रेकॉर्ड १९८६ साली आली आणि त्याचा हट्ट बरोबर ठरला.

त्याचा शांत आवाज खटकला याला कारण होते. रॅपचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या नाचाच्या जलशांत. तिथे माइक हातात घेणाऱ्याचे काम गर्दी पेटती ठेवण्याचे, त्यामुळे ओरडून म्हणणे ही रीतच पडली होती. ओळ ठरलेल्या ठोक्यावर संपायची, तिथेच यमक जुळायचे, की पुढची ओळ सुरू. रकीमने ही घडी मोडली. यमक ओळीच्या शेवटी अडकवून न ठेवता त्याने ते ओळीच्या पोटात पेरले. एकाच ओळीत तीन-चार ठिकाणी ध्वनी जुळू लागले. वाक्य ठोका ओलांडून पुढच्या ओळीत शिरू लागले. सॅक्सोफोनवादक श्वास पुरेल तिथपर्यंत सुरावट लांबवतो आणि तालाच्या अध्येमध्ये कुठेही उतरतो. रकीमने तेच शब्दांनी केले. आरडाओरडा नसल्यामुळे हे बारीक विणकाम ऐकूही येत होते.

लिहिण्याची पद्धत त्याने २०१२च्या 'द आर्ट ऑफ रॅप' या माहितीपटात सांगितली आहे. कोऱ्या कागदावर तो सोळा ठिपके मांडतो. हे सोळा ठिपके म्हणजे कडव्याचे सोळा बार, आपल्या भाषेत सोळा आवर्तने. प्रत्येक आवर्तनात किती अक्षरे बसतील, याचा नकाशा त्या ठिपक्यांवरून त्याला दिसतो. रॅपला रंगमंचावरून लिहिण्याच्या टेबलावर आणण्याचे श्रेय त्याला दिले जाते ते यासाठी.

'पेड इन फुल' हा पहिला अल्बम जुलै १९८७मध्ये निघाला. मुखपृष्ठावर हार्लेमच्या डॅपर डॅन या शिंप्याने शिवलेली गुचीच्या चिन्हांची जाकिटे, गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या आणि नोटाच नोटा. आतला आवाज मात्र या थाटमाटाशी फारकत घेणारा. दहापैकी तीन तुकड्यांत रॅप नाहीच. तरीही २००५ साली एमटीव्हीने हिप-हॉपच्या सर्वोत्तम अल्बमांची यादी केली तेव्हा पहिला क्रमांक याच अल्बमला मिळाला. शीर्षकगीताचा 'कोल्डकट' या ब्रिटिश जोडीने केलेला रीमिक्स युरोपात गाजला. त्यात येमेनी वंशाची इस्राएली गायिका ऑफ्रा हाझा हिचा आवाज मिसळलेला होता.

'फॉलो द लीडर' (१९८८), 'लेट द रिदम हिट एम' (१९९०) आणि 'डोन्ट स्वेट द टेक्निक' (१९९२) या आणखी तीन अल्बमांनंतर जोडी फुटली. करारमदार आणि कज्जे यांत काही वर्षे वाया गेली. 'द एटीन्थ लेटर' हा रकीमचा पहिला एकट्याचा अल्बम थेट १९९७ साली आला आणि बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या स्थानापर्यंत चढला. शीर्षकातले अठरावे अक्षर म्हणजे इंग्रजी आर, रकीमचे आद्याक्षर. त्यानंतर 'द मास्टर' (१९९९).

२०००च्या सुमारास रॅपर आणि निर्माता डॉ. ड्रे याच्या 'आफ्टरमॅथ' कंपनीशी करार झाला. मोठा अल्बम येणार अशी हवा झाली, पण दोघांचे सूर जुळले नाहीत. अल्बम निघालाच नाही आणि २००३मध्ये रकीम बाहेर पडला. या काळातले एक गाणे भारतीय वाचकाला थांबायला लावणारे आहे. ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह' (२००२) या गाण्यात रकीमचे कडवे आहे, आणि सबंध गाण्याखाली वाजतो लता मंगेशकरांचा आवाज. 'ज्योती' (१९८१) या हिंदी चित्रपटातल्या 'थोडा रेशम लगता है' या गाण्याचा तो तुकडा, संगीत बप्पी लाहिरींचे. निर्माता डीजे क्विक याने तो वापरताना परवानगी घेतली नव्हती. गाणे बिलबोर्डच्या पहिल्या दहांत पोचले आणि प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. लाहिरींचे नाव छापल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश २००३ साली निघाला. अमेरिकी रॅप आणि मुंबईचे चित्रपटसंगीत यांची इतकी मोठी गाठ तोवर पडली नव्हती, आणि पडली तीही कज्ज्यात अडकली.

रकीमने पुढे 'द सेव्हन्थ सील' (२००९) काढला, पण त्याला आधीच्या कामाची सर आली नाही. २०१७ साली 'पेड इन फुल'च्या तिशीनिमित्त एरिक बी. आणि तो हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये पुन्हा एकत्र उभे राहिले. २०१९मध्ये त्याचे 'स्वेट द टेक्निक' हे पुस्तक आले. त्यात आठवणींच्या जोडीने लेखनाचे धडेही आहेत. २०२४चा 'गॉड्स नेटवर्क : रीबर्थ' हा अल्बम त्याने बऱ्याच रॅपरांना सोबत घेऊन केला आणि त्यातल्या संगीताची निर्मितीही स्वतःच केली.