सहा मीटरवरून नथ

मोत्यांची नथ ती केवढी? हौसेने मिरवायची धरली तरी जेमतेम तीन सेंटिमीटर. ती प्रदर्शनातल्या स्टॉलवर मांडा आणि सहा मीटर मागे सरकून बघा. पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये रमतगमत चाललेल्या बाईची पहिली नजर टेबलावर पडते ती साधारण एवढ्याच अंतरावरून. तिथून ती नथ पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून किंचित मोठी दिसते. चंद्राचं बरं असतं, आकाशात तो एकटाच असतो. नथीच्या आजूबाजूला चाळीस नथी, कानातली, तन्मणी आणि शेजारच्या स्टॉलवरची लोणच्याची बरणी.

सहा मीटर हे अंतर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या ओळखीचं. दृष्टी ‘६/६’ आहे असं ते सांगतात त्यातले पहिले सहा म्हणजे हेच सहा मीटर. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा कळतो आणि सहा मीटरवर तो भरतो पावणेदोन मिलिमीटर. नथीतले मोती बहुतेक दोन-तीन मिलिमीटरचे. म्हणजे तिथून मोती कळले तर कळले, पण ज्या तारेच्या विणकामावर रात्री जागवल्या ती तार त्या गिऱ्हाइकापुरती अस्तित्वातच नसते! पावणेदोन मीटरच्या आत आल्याशिवाय अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची वीण सहसा सुटी कळायची नाही. लांबून पोहोचतो तो फक्त रंग, उंची आणि ठळक आकार. मागच्या पडद्यावर नथीचा हातभर मोठा फोटो लावणारी बाई भपका करत नसते, ती सहा मीटरच्या नजरेशी तिला कळेल त्या भाषेत बोलत असते.

समजा, गिऱ्हाईक बाई थबकली आणि तीन मीटरवर आली. आता आडवं येतं टेबल. टेबलाची उंची साधारण पाऊण मीटर, तिचे डोळे जमिनीपासून दीडएक मीटरवर. तिची नजर टेबलावर इतकी तिरकी पडते, की कोन जेमतेम चौदा अंशांचा होतो. सपाट ठेवलेली वस्तू या कोनातून चपटते. तिची उभी लांबी खऱ्या लांबीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी दिसते. तीन सेंटिमीटरची नथ सात मिलिमीटरची होऊन बसते. तीच नथ साठ अंशांत उभ्या केलेल्या फळीवर टोचा, की शहाण्णव टक्के लांबी परत मिळते. नथ तीच, पैसा खर्च नाही, फळीखाली एक खोकं सरकवलं आणि माल चौपट मोठा झाला. भूमितीने एवढं फुकट दिलेलं दुसरं काही चटकन आठवत नाही.

आपल्याकडच्या बायकांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्या ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आरास आठवा. डबे, पाट, उलटी पातेली एकावर एक रचून पायऱ्या करायच्या, वर जरीची साडी अंथरायची, सर्वांत वर पाळण्यातली गौर आणि खाली उतरत्या क्रमाने फराळाची ताटं, खेळणी, कमळासारखं कापलेलं कलिंगड. दारातून आत येणाऱ्या बाईला एका नजरेत सगळं दिसलं पाहिजे, मागचं पुढच्याआड जाता कामा नये. प्रदर्शनाच्या स्टॉलवर कापडाखाली दडवलेली खोकी हेच काम करतात. शिवाय कापड जमिनीपर्यंत सोडलं, की राखीव माल, पिशव्या आणि जेवणाचा डबा टेबलाखाली गडप.

कापड कुठल्या रंगाचं, हा प्रश्न आला की आठवतो मिशेल शव्रल. हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या भित्तिपटांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तक्रार अशी होती, की काळा रंग निळ्या-जांभळ्या छटांशेजारी फिका पडतो, रंगात खोट आहे. शव्रलने तपासलं तर रंग अस्सल निघाला. गफलत शेजाराची होती. डोळा प्रत्येक रंग शेजारच्या रंगाच्या विरुद्ध दिशेला ढकलून बघतो. हिरव्याशेजारी लाल अधिक लाल होतो, गडदाशेजारी फिकं अधिक उजळतं. यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथच काढला. पांढऱ्याशुभ्र कापडावर मोती हरवतात ते याचमुळे. गडद हिरव्यावर मात्र मोती उजळतात आणि मधला गुलाबी खडा पेटल्यासारखा दिसतो. साडीच्या हिरव्या काठाशेजारी नथ का खुलते, तेही यातच आलं.

रंगाचा सगळा खेळ बल्ब एका फटक्यात उधळू शकतो. एलईडीच्या पांढऱ्या बल्बच्या आत खरं तर निळा दिवा असतो, त्यावरचा पिवळसर लेप काही निळा प्रकाश पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं भासतं. स्वस्त बल्बच्या या मिश्रणात गडद लाल फारच कमी. मिश्रणात जे नाही ते खडा परत कुठून पाठवणार? घरी उन्हात रसरशीत दिसलेला खडा मंडपात विटकरी दिसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘रंग जरा मळकट आहे हो.’ बल्बच्या खोक्यावर ‘सीआरआय’ म्हणून आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतील ते सांगणारा, शंभर म्हणजे पूर्ण. नव्वदच्या वरचा घ्यावा, इथे काटकसर नको. तो किती जवळ टांगायचा यातही गंमत आहे. एक मीटरवरचा उघडा बल्ब अर्ध्या मीटरवर आणला, तर प्रकाश दुप्पट नाही, चौपट होतो.

त्यातही बल्ब छोटा आणि उघडा हवा. मोत्याचं पाणी दिसतं ते त्याच्या गोलाईवर उमटलेल्या दिव्याच्या ठिपक्यातून. लांबलचक ट्यूबलाइटखाली तो ठिपका फिस्कटतो आणि मोती खडूसारखा मंद दिसतो. लहानशा दिव्याखाली मात्र बघणारीचं डोकं जरासं हललं तरी ठिपका सरकतो, खड्याचे पैलू लुकलुकतात. वस्तू जागची हललेली नसते, तरी हललेलं काहीतरी दिसतं आणि पावलं थांबतात.

टेबलावर माल किती ठेवावा? यावर सल्ला देणारे हटकून जॅमच्या प्रयोगाचा दाखला देतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अमेरिकी प्रयोगात दुकानातल्या टेबलावर कधी २४ प्रकारचे जॅम ठेवले, कधी ६. चोवीसपाशी थांबणारे जास्त होते, पण त्यांतल्या ३ टक्क्यांनीच खरेदी केली, तर सहापाशी थांबलेल्यांतल्या ३० टक्क्यांनी. पुढे अशा पुष्कळ प्रयोगांची एकत्र बेरीज मांडली गेली, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास आला. मला तर पहिल्यापासूनच ‘पर्याय कमी, खरेदी जास्त’ हा नियम नथीला लागू होईल असं वाटत नव्हतं. ‘अजून दाखवा ना’ हे वाक्य त्या प्रयोगकर्त्यांच्या कानावर पडलेलं नसावं. मात्र सगळ्या नथी एकदम पसरू नयेत. आपला डोळा स्पष्ट बघतो तो दोनेक अंशांचा तुकडा, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख झाकेल तेवढा, आणि सेकंदाला तीन-चार उड्या मारत पुढे जातो. चार-पाच नथींचा घोस, मग मोकळी जागा, मग पुढचा घोस, असं असलं की उडी कुठे मारायची ते त्याला कळतं. बाकीच्या नथी ट्रेमध्ये, मागितल्या की काढायच्या.

आता बाई हाताच्या अंतरावर आली, नथ उचलली, चापाची आहे ना विचारून नाकाला लावली. इथून पुढे बोलतो तो आरसा. पूर्ण चेहरा दिसायला आरसा चेहऱ्याच्या निम्म्या उंचीचा असला तरी पुरतो आणि मागेपुढे सरकून त्यात फरक पडत नाही. वीतभर चेहऱ्याला अर्धी वीत आरसा. मोठा आरसा टेबलाची जागा खातो आणि मांडवातली गर्दीही आत घेतो. फक्त एक करावं, एक दिवा मालावरून काढून आरशाच्या वर, समोरच्या चेहऱ्यावर पडेल असा लावावा. प्रकाश बाईच्या पाठीमागून आला, तर आरशात दिसतो काळोखा चेहरा आणि त्यावरची तितकीच काळोखी नथ.