केस नेमके कुठले गेले?

जोडीने ठेवलेल्या गिनीपिगांपैकी एकाच्या अंगावर टक्कल दिसलं, की ‘दुसऱ्याने मारलं’ असं समजून लगेच दोघांची ताटातूट केली जाते. कळपात राहणाऱ्या या प्राण्याला ती फार मोठी शिक्षा आहे, आणि पुष्कळदा नाहक. आधी केस कुठले गेलेत ते पाहावं.

गिनीपिगचं तोंड स्वतःच्या कुशीपर्यंत पोचतं, मानेपर्यंत नाही. मानेवरचे किंवा डोक्यावरचे केस कात्रीने कापल्यासारखे आखूड झाले असतील आणि खालची कातडी स्वच्छ असेल, तर ते जोडीदाराने कुरतडले आहेत. वरचढ प्राणी दबलेल्याचे केस असे चावतो. या चावण्याला कंटाळा, अपुरी जागा आणि वाळल्या गवताची कमतरताही कारणीभूत असते. गवत अष्टौप्रहर समोर असलं की तोंड त्यातच गुंतून राहतं. (कानामागचं छोटं टक्कल मात्र जन्मजात असतं, त्याची काळजी नको.)

कातडीवर खपल्या धरल्या असतील, तर खरजेचा संशय घ्यावा. ट्रिक्साकॅरस नावाचा सूक्ष्म परजीवी कातडीत बिळं करतो. खाज इतकी भयंकर, की काहींना झटके येतात. नाकाडोळ्यांभोवती खपलीचे गोल चट्टे बहुधा गजकर्णाचे असतात, आणि ते घरातल्या मुलांनाही होतं. प्रौढ मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले, तर बीजांडकोशात गाठी असू शकतात. यांपैकी कशातही जोडीदाराचा दोष नाही. गरज पशुवैद्याची आहे.

खरी मारामारी होते ती मुख्यतः नरांची. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साख्सर यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. मोठ्या मिश्र कळपात वाढलेले नर अनोळखी कळपात सोडले, तरी मुकाट्याने जुळवून घेतात. एकेकटे वाढलेले नर मात्र तिथे गेल्यावर भांडतात, त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि वजन घटतं. वयात येताना थोरल्या नरांकडून मिळणारी दटावणी कळपातल्या नरांना सबुरी शिकवते. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. दुकानातून लहानपणीच एकटं उचललेलं पिल्लू या शिकवणीला मुकतं.

कंबर हलवत घुंऽघुं करत फिरणं, एकमेकांवर चढणं ही नुसती मानापानाची बोलाचाली. त्यात पडू नये. पण मानेवरचे केस ताठ झाले, दात जोरजोरात कटकटू लागले, की सावध व्हावं. दोघे एकमेकांना भिडलेच, तर उघडा हात घालू नये. जाड टॉवेल मध्ये टाकावा.

रक्त निघालं तर वेगळं करणं भागच आहे. तेव्हाही मध्ये जाळी घालून दोघांना शेजारीच ठेवावं, म्हणजे एकमेकांचा वास आणि आवाज मिळत राहतो. पुन्हा एकत्र आणायचं ते दोघांनाही नव्या, प्रशस्त जागेत: गवताचे दोन ढीग, पाण्याच्या दोन बाटल्या आणि लपायच्या प्रत्येक खोक्याला दोन दारं, म्हणजे दबलेल्याची आत कोंडी होत नाही.