ठिपक्यांवरून प्राणी ओळखता येतो का?

रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या दाट जंगलात पिसोरी नावाचा एक लाजाळू प्राणी राहतो. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके व पट्टे, खांद्यापर्यंत उंची जेमतेम एक फूट. संधिप्रकाशात तो पाचोळ्यातून सर्रकन निघून गेला, तर पाहणाऱ्याला मोठा उंदीरच वाटावा. त्याचे दुसरे नावही मूषक हरीण! पण पिसोरी उंदीर नाही आणि खरे हरीणही नाही.

मध्य व दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत ‘पाका’ नावाचा प्राणी आढळतो. त्याच्याही तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. पाका मात्र खरोखरच उंदराच्या गणातला, म्हणजे कृंतक आहे.

दोघांतला फरक कसा ओळखायचा? दात आणि पाय पाहून. पाकाचे पुढचे पटाशीचे दात जन्मभर वाढतात. त्यांच्यामागे सुळे नसतात, मोकळी जागा असते. पायाला नखे असलेली बोटे असतात. पिसोरीला वरच्या जबड्यात पटाशीचे दात नसतात. नराचे सुळे मात्र लांब असतात. पायाला खूर असतात आणि ती रवंथ करते. तिला शिंगे नसतात आणि ती हरणांच्या कुळातही बसत नाही.

मग ठिपके सारखे कसे? दाट जंगलात जमिनीवर उन्हाचे वा चांदण्याचे कवडसे पडतात. तिथे ठिपक्यांचे अंग सहज नजरेस पडत नाही. सारख्या परिस्थितीत दूरच्या कुळांतही सारखी रूपे घडू शकतात. उलट, रत्नागिरीच्या जंगलात पाकाचे जवळचे नातलग शोधायचे, तर ते ठिपके नसलेले साळिंदर! दोघांच्या खालच्या जबड्याची ठेवण एकाच धाटणीची आहे.

वर्गात तीन रकान्यांचा तक्ता करून घ्यावा: रंग, दात, पाय. घूस, साळिंदर, शेकरू, जवादी मांजर, बकरी व पिसोरी यांची माहिती विद्यार्थ्यांनी भरावी आणि प्रत्येक रकान्यानुसार वेगवेगळे गट पाडावेत. रंगावरून पाडलेल्या गटात पिसोरीशेजारी जवादी मांजर येईल, पायांवरून बकरी. कोणते गट नाते सांगतात, यावर चर्चा करावी. ओल्या मातीतले ठसेही पाहता येतील. प्राण्याला पकडायचे मात्र नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पिसोरीला संरक्षण आहे.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या केल्या जातात. तिथे ‘मोठा ठिपकेदार उंदीर’ एवढेच लिहिले गेले, तर जंगलात असलेली पिसोरी कागदावरून नाहीशी होईल.